एमएच-३० हरवला आहे

सकाळी गाडी पुसताना पुढच्या बंपरवर दोन भोकं आणि त्यांच्यामध्ये धूळ न बसलेला एक स्वच्छ चौकोन दिसला, तर घाबरू नका. तुमची नंबर प्लेट गेली आहे. मूर्तिजापुरात राहून हे पहिल्यांदाच घडत असेल, तर तुम्ही गाडी फारच कमी काढता. पुढच्या पायऱ्या क्रमाने पाळा.

१. शोध घ्या. अमरावती-अकोला महामार्ग मात्र यादीतून काढून टाका. जून २०२२ मध्ये लोणी ते माना हा पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत डांबरला गेला आणि गिनीज बुकात पोचला. अंतर ७५ किलोमीटर, तेही एका लेनच्या हिशेबाने. विक्रमात मोजायची पद्धत महत्त्वाची. माना आपल्याच तालुक्यातलं, त्यामुळे विक्रमी रस्त्यावर पाटी पडली असं म्हणणं बरं दिसत नाही. महामार्ग सोडून तुम्ही गावाकडे कुठे वळलात आणि बंपर नेमका कोणत्या खड्ड्यात टेकला, ते आठवा. तिथे जा. पाटी ॲल्युमिनियमची असते, म्हणून एव्हाना ती कुणाच्या तरी गोठ्याच्या दारावर, पत्र्याला पडलेलं भोक झाकत असेल. परत मागू नका. तिथे ती खरोखर कामाला आली आहे.

२. शेजाऱ्यांना सांगू नका. सांगितलंत तर अर्धा घंटा जाईल आणि शेवटी उत्तर मिळेल, "तुमची गेली म्हणून समजलं तरी काका. मायावाल्या गाडीले पाटी होती का नव्हती, मले तेच याद नाही."

३. ठाण्यात जा. 'चोरी' हा शब्द घरी ठेवून जा, 'गहाळ' हा शब्द सोबत न्या. कुठे हरवली, असं विचारतील. नेमकी जागा सांगितलीत तर ती हद्द दुसऱ्या ठाण्याची निघेल. माहीत नाही म्हणालात तर हद्द ठरवायची कशी, हा प्रश्न उभा राहील. अनुभवी मंडळींचं उत्तर असं : "साहेब, तुमच्याच हद्दीत हरवली, पण तुमच्याकडून काहीच अपेक्षा नाही." तक्रारीची प्रत लगेच मिळते. गाडीचा नंबर विचारला की सवयीने बंपरकडे धावू नका, तिथे आता दोन भोकंच आहेत. पुढच्या काचेला आतून चिकटवलेलं स्टिकर असतं, पेट्रोलला फिकट निळं, डिझेलला नारिंगी. त्यावर वाचा.

४. आपण नेमकं काय हरवलं, हे समजून घ्या. ही साधी पाटी नव्हती, एचएसआरपी म्हणजे हाय सिक्युरिटी रजिस्ट्रेशन प्लेट होती. तिच्यावर २० बाय २० मिलिमीटरचं अशोकचक्राचं होलोग्राम, लेझरने कोरलेला दहा अंकी क्रमांक आणि तोडल्याशिवाय न निघणारं स्नॅप लॉक. केंद्राने हिचा नियम २००१ मध्ये काढला. एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना ती लावण्यासाठी महाराष्ट्राने मार्च २०२५ ची मुदत दिली आणि मग ती पुढे पुढे नेली : एप्रिल, जून, १५ ऑगस्ट, नोव्हेंबर. मुदत निघत होती, पाटी निघणार नव्हती. तुमच्याकडे उलटं झालं, याबद्दल सहानुभूती.

५. नवी मागवा. मोबाइलवर अर्ज, सोबत आरसी आणि तक्रारीची प्रत. कारच्या जोडीचा राज्याने ठरवलेला दर ७४५ रुपये, वर जीएसटी. पाटी सहसा घरी येत नाही, गाडी केंद्रावर न्यावी लागते. गाडी रस्त्यावर काढायला पाटी लागते. पाटी केंद्रावर आहे. इथे थांबून एक कट चहा घ्या. केंद्र अचलपूरला मिळालं असेल तर पूर्वी निदान शकुंतला रेल्वेने जाता आलं असतं, तिला पाटी लागत नव्हती. पण आता तीही बंद आहे, आणि गाडी डब्यात मावली नसती.

६. तोवर पुठ्ठा वापरा. पेंटरकडे जा. तो 'सादा का फॅन्सी?' विचारेल. फॅन्सीत ४१४१ चा 'दादा' होतो, २१४ चा 'राम' होतो, इंग्रजी ८०५५ चा 'बॉस' होतो. तिन्ही नियमबाह्य. 'दादा' दहा वर्षं सुखाने फिरतात. तुमचा सरळ अक्षरांतला पुठ्ठा पहिल्याच चौकात थांबवला जाईल. तक्रारीची प्रत लॅमिनेट करून काचेला लावा, तेवढीच इज्जत.

७. 'पाटी नाही म्हणजे ई-चलान नाही' असं मित्र सांगतील. हेवा करू द्या. मागची पाटी अजून इमानदारीने नंबर दाखवते आहे.

८. मोबाइल सुरू ठेवा. गाडी अंगणात उभी असताना कधीतरी संदेश येईल : नागपूर, वेगमर्यादा भंग. चिडू नका, आधी फोटो उघडा. त्यात एक पिकअप दिसेल. आता तक्रारीची प्रत काचेवरून काढून कपाटात नीट ठेवा, ती याच दिवसासाठी होती. मग फोटो मोठा करून पाहा. होलोग्राम शाबूत, एक कोपराही वाकलेला नाही. पिकअपवाल्याने ती तुमच्यापेक्षा चांगली पुसून ठेवली आहे.