काकांच्या मोबाइल दवाखान्यास खुले पत्र

तीर्थरूप काकांस,


काकू परवा रुग्णालयातून घरी आल्या. आपल्या उपचारांतूनही रुग्ण वाचल्याबद्दल आपलं अभिनंदन!

आपला दवाखाना परिवाराच्या ग्रुपवर पहाटे साडेचारला उघडतो. हार्ट अटॅक आला की जोरजोरात खोका, हे आम्हाला पाठ आहे. गरम नारळपाण्याने कॅन्सर मरतो हा मजकूर टाटा रुग्णालयाच्या डॉ. राजेंद्र बडवे यांच्या नावावर फिरला आणि २०१९मध्ये रुग्णालयानेच तो खोटा ठरवला. आपल्याकडून तो अजून दर महिन्याला येतो. २०१८मध्ये व्हॉट्सॲपने एका वेळी पाचच जणांना पाठवायची मर्यादा घातली, तर आपण पाच-पाचचे हप्ते पाडलेत. एवढी चिकाटी ऊसबिलाच्या पाठपुराव्यात दाखवली असती तर कारखाना टेकीला आला असता.

इथवर हसून सोडलं. पण ‘इन्सुलिनची सवय लागते, भेंडीच्या पाण्याने मधुमेह मुळासकट जातो’ हे वाचून आपण काकूंची सुई परस्पर बंद केलीत. आठवड्याने त्या ओकाऱ्या काढत होत्या, धाप लागली होती. साखर मोजायला गेलो तर यंत्रावर आकडाच येईना, नुसतं ‘हाय’. तरी आपण म्हणालात, शरीरातली घाण बाहेर पडतेय!

काका, बाई मेली असती. आणि तो मजकूर लिहिणारा दहाव्यालाही आला नसता. मधुमेह बरा करतो अशी औषधाची जाहिरात करायला १९५४च्या कायद्याने बंदी आहे, पण खटला भरायचा कुणावर? खाली नाव आहे का कुणाचं?

आपल्याच जिल्ह्यात, जामखेडला, डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७०मध्ये काम सुरू केलं आणि गावोगावच्या बायकांना आरोग्याचं शिक्षण दिलं. त्यातल्या कित्येकींना अक्षरओळखही नव्हती. पण हगवण लागलेल्या पोराला मीठ-साखरेचं पाणी कसं पाजायचं, हे त्या चुलीपुढे बसून दाखवायच्या. सांगितलेलं चुकलं तर दुसऱ्या दिवशी त्याच गल्लीतून पाण्याला जायचं असायचं. आपल्या मोबाइलमधल्या पांढऱ्या कोटवाल्याला कुठली गल्ली?

तरी एक कबूल. ‘हे इन्सुलिन किती दिवस?’ असं आपण डॉक्टरांना विचारलंत, तेव्हा ‘चालू ठेवा’ म्हणत त्यांनी पुढच्या पेशंटसाठी बेल दाबली होती. खोक्यातला कागद इंग्रजीत, मुंगीच्या अक्षरात. आपल्याशी मराठीत, आदराने, घाई न करता बोललं ते फक्त त्या फोनने. बायकोला रोज सुई टोचताना ज्याचा हात थरथरतो, त्याला ‘आता टोचू नका’ हे ऐकायचंच असतं. राग येतो तो याचाच, की खोटं बोलणाऱ्याला आपल्यासाठी वेळ होता.

म्हणून पुढच्या तपासणीला मीही येणार. सगळे प्रश्न वहीत लिहून ठेवा, भेंडीचासुद्धा. बेल वाजू दे, पुढचा पेशंट आत येऊ दे. उत्तरं मिळाल्याशिवाय खुर्ची सोडायची नाही.

आपला पुतण्या