शांत माणसांचं कानठळ्या बसवणारं गाव

नागासाकी हे नाव आपल्या इतिहासाच्या पुस्तकात हिरोशिमाला जोडून येतं आणि तिथंच संपतं. त्यामुळे मराठी पर्यटक इथं उतरतो तो चेहरा सुतकी करून. गाव मात्र आधी त्याला चढावर घेतं.

बंदराला तिन्ही बाजूंनी डोंगर, आणि घरं डोंगराच्या पार खांद्यापर्यंत. गल्ली वळली की जिना, जिना संपला की पुन्हा गल्ली, तीही चढाचीच! स्कॉटिश व्यापारी थॉमस ग्लोव्हरनं १८६३ मध्ये टेकडीवर बंगला बांधला. तिथं जायला आता तिरकी लिफ्ट आहे, यातच काय ते समजा. ३३३ मीटर उंचीच्या इनासा डोंगरावर रोपवे जातो, ही त्यातल्या त्यात गुडघ्यांवर दया.

देजिमा हे बेट ट्रामच्या रुळांशेजारी सापडतं. भोवतालचा समुद्र भर घालून केव्हाच बुजवला. पोर्तुगीजांना गावापासून लांब ठेवायला १६३६ मध्ये पंख्याच्या आकाराचं हे बेट रचलं. तीन वर्षांत पोर्तुगीजांनाच देशाबाहेर काढलं आणि १६४१ पासून तिथं डच व्यापारी कोंडले. पोर्तुगीज गेले, त्यांच्याकडून शिकलेला केक राहिला. कास्तेला म्हणतात त्याला. तळाचा कागद अलगद सोलला की जाड साखरेचे कण दाताखाली करकरतात. पाहुणा हाकलायचा आणि पाककृती ठेवून घ्यायची, हा व्यवहार कुणालाही पटावा.

९ ऑगस्टला, अणुबॉम्ब पडला त्या वेळी, सकाळी ११ वाजून २ मिनिटांनी हे शहर मौन पाळतं. तिथं विनोदाला जागा नाही.

पण १५ ऑगस्टच्या संध्याकाळी तेच शहर फटाक्यांनी दणाणून जातं. घरातलं माणूस गेल्यावर येणाऱ्या पहिल्या ओबोनला, म्हणजे जपानी पितरांच्या सणाला, घरची मंडळी त्याच्यासाठी होडी बांधतात आणि रस्त्यानं ओढत नेतात. हे शोरो-नागाशी. पितृपक्षात कावळ्याची वाट बघत बसणारा आपला माणूस इथं गांगरतोच. ट्रेनमध्ये फोनवर बोलायला संकोचणारी मंडळी रस्त्यात खोकीच्या खोकी फटाके पेटवत असतात. पूर्वी होड्या समुद्रात सोडत. आता शेवटच्या थांब्यावर यंत्रानं मोडतात.

ऑक्टोबरच्या ७ ते ९ तारखांना सुवा देवळात ‘कुंची’ नावाचा उत्सव भरतो. नाचाची पाळी दरवर्षी वेगळ्या आळ्यांची, एकेका आळीला ती सात वर्षांनी मिळते. नाच आवडला की प्रेक्षक ‘मोत्ते कोई’ असा गिल्ला करून निघालेल्यांना परत बोलावतात.

१५ ऑगस्टची सुट्टी आपल्याला आयती असते. जाणार असाल तर कानांसाठी कापसाचे बोळे न्या, आणि गुडघे शाबूत आहेत तोवर जा.