दुर्बिणीला शिडी कशाला?

भोरजवळच्या आंबवड्याहून कोर्ल्यामार्गे रायरेश्वराकडे निघालेला पक्षिनिरीक्षक लांबूनच ओळखू येतो. झाडीत मिसळून जावं म्हणून मुद्दाम घेतलेले मातकट कपडे, गळ्यात दुर्बीण आणि पाखरांना चाहूल लागू नये म्हणून कुजबुजत, पण अखंड चाललेली चर्चा. जितकी चढण अवघड तितका पक्षी दुर्मीळ, हा त्याचा हिशेब. तो मुळातच चुकलाय. रायरेश्वराचं पठार साडेचार हजार फुटांच्या आसपास असलं तरी वर मोकळं गवत, शेतं आणि वारा. दाट झाडी असते ती घळीत नि ओढ्याकाठी. पाखरू उंची बघत नाही, फळ, किडा आणि पाणी बघतं. उलट पठारावर नेणाऱ्या लोखंडी शिडीवर माणसाचे दोन्ही हात कठड्याला, नजर पुढच्याच्या बुटांवर आणि कानांत स्वतःच्याच छातीचा भाता. अशा वेळी शेजारी मोर नाचला तरी वहीत नोंद व्हायची नाही.

जाणकार म्हणतील, उंच थंड रानातले पक्षी निराळेच असतात. असतात ना; पण त्यातले नावाजलेले निलगिरीकडच्या शोलारानांत, आणि ते भोरच्या एसटीने येत नाहीत. कड्यावरून घिरट्या घालणाऱ्या सर्पगरुडाची पाठ दिसते, हा आक्षेप मात्र बिनतोड. तेवढ्यापुरती शिडी माफ.

बाकी निरीक्षणाला लागतं ते एका जागी गप्प उभं राहणं. त्याची सोय आंबवड्यातच आहे. नागेश्वराच्या देवळाजवळ झाडी आहे, ओढा आहे आणि भोरच्या पंतसचिवांच्या काळातला झुलता पूल आहे. धावत गेलं की पूल हलतो, म्हणजे शिस्त फुकटात. अफझलखानाच्या भेटीत शिवरायांना वाचवणाऱ्या जिवा महालांची समाधीही इथलीच. ‘होता जिवा म्हणून वाचला शिवा’ ही म्हण वेळेवर उघड्या असलेल्या डोळ्यांची आहे, पायपिटीची नव्हे. तो प्रसंग 10 नोव्हेंबर 1659 चा. राज्याचा पक्षी सप्ताहही 5 ते 12 नोव्हेंबर, म्हणजे मारुती चितमपल्लींच्या जन्मदिवसापासून सालिम अलींच्या जन्मदिवसापर्यंत. थंडीचे पाहुणे पक्षी तेव्हा आलेले असतात. पण शाळा बुडवलेल्या पोरासारखी शीळ घालणारा, ओढ्याकाठचा शीळकरी कस्तुर त्या आठवड्यात बहुधा गप्पच असतो. त्याचं गाणं पावसाळ्यातलं, आणि पावसाळ्यात शिडी निसरडी असते.