सात मिनिटं पुढे

माझ्या मोबाईलमधलं घड्याळ सात मिनिटं पुढे आहे. मुद्दाम ठेवलंय. मी राहतो लौजीला, नोकरी कर्जत तालुक्यातल्या एका कॉलेजात. खोपोली लाइनवर ज्याचं पोट आहे त्याला याचं कारण सांगावं लागत नाही. एकेरी रूळ; एक लोकल चुकली की दुसरी येईपर्यंत फलाटावरच्या कुत्र्यांशी ओळख वाढवायची. घड्याळ पुढे आहे हे ठाऊक असूनही मी रोज फसतो, आणि रोज गाडी मिळते.

या सुखी संसारात एक परिपत्रक आलं. ‘सर्व शिक्षक व शिक्षकेतर कर्मचाऱ्यांनी द्विस्तरीय पडताळणीकरिता आपले वैयक्तिक उपकरण दिनांक १५ पर्यंत नोंदवावे.’ आमचे रसायनशास्त्राचे सर निवृत्तीला टेकलेत. त्यांनी कानातलं मशीन काढून टेबलावर ठेवलं. वैयक्तिक म्हणावं असं त्यांच्याकडे तेवढंच उपकरण. मोबाईल नातवाकडे असतो.

कल्पना वाईट नाही, हे आधीच कबूल करतो. पासवर्ड हे तरी विद्यापीठाचंच लेकरू. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या एमआयटीत एकच संगणक अनेकांत वाटून वापरायचा म्हणून प्रत्येकाला पासवर्ड दिला. १९६२मध्ये तिथल्याच एका संशोधक विद्यार्थ्याने सगळ्यांचे पासवर्ड कागदावर छापून घेतले. का, तर वाट्याला आलेला संगणकाचा वेळ पुरेना! आमच्याकडे एवढी खटपट करावी लागत नाही. ऑफिसात मॉनिटरच्या कडेला पासवर्ड चिकटवलेला आहे, आमच्या कारकुनाच्या, म्हणजे भाऊसाहेबांच्या, सुवाच्य अक्षरात. खाली तांबड्या शाईने ‘गोपनीय’.

तर दुसरं कुलूप म्हणजे मोबाईलमधलं अ‍ॅप. गुण भरायचं पोर्टल ठिपक्याठिपक्यांचा चौकोन दाखवतं, तो स्कॅन केला की गुप्त किल्ली फोनमध्ये उतरते. पुढे ती किल्ली आणि घड्याळातली वेळ यांची मोट बांधून फोन दर ३० सेकंदांनी सहा नवे आकडे काढतो. त्याला रेंजची गरज नाही. आमच्या डोंगराळ मुलखात हे भाग्यच. भाऊसाहेबांनी सगळ्यांचा वेळ वाचावा म्हणून आपल्या स्क्रीनवरच्या चौकोनाचा फोटो काढून स्टाफच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. ‘सर्वांनी हेच स्कॅन करावे.’ खाली चौदा अंगठे उमटले. तेव्हापासून चौदा फोनांवर एकाच क्षणी एकच आकडे येतात. पगारवाढीच्या मागणीवरसुद्धा आमच्यात असं एकमत झालेलं नाही. आकडे भाऊसाहेबांच्या खात्याचे, पासवर्ड मॉनिटरवर आहेच, त्यामुळे सगळे भाऊसाहेब होऊनच आत जातात. वरच्यांच्या लेखी सध्या भूगोलाचे गुण भाऊसाहेब भरतात, रसायनशास्त्राचे भाऊसाहेब भरतात, एनएसएसच्या शिबिरालाही तेच जाऊन आले.

माझे आकडे मात्र लागेनात. ‘कोड चुकीचा आहे.’ तीन दिवस हेच. फोन बंद करून चालू केला, अ‍ॅप काढून पुन्हा टाकलं, चष्मासुद्धा पुसला. शेवटी दुसऱ्या वर्षाची एक मुलगी सही घ्यायला आली होती, तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे आणि माझ्या फोनकडे एकदा बघितलं. ‘सर, तुमचा टाइम पुढे आहे.’

तिला कळणारच. काशेळ्यापलीकडच्या एका वाडीतून येते ती. पदवीची क्रेडिट जमा करायची सरकारी बँक २०२१मध्ये निघाली. तिथे खातं उघडायला डिजिलॉकर, डिजिलॉकरला आधार, आधारला मोबाईल. घरात मोबाईल एक, तो वडलांच्या खिशात, आणि वडील दिवाळीनंतर वीटभट्टीवर. ओटीपी भट्टीवर पोचणार, वडील शेजारच्या पोराकडून वाचून घेणार, मग मैत्रिणीच्या फोनवर ओरडून सांगणार, आणि दहा मिनिटांच्या आत तो पोर्टलवर टाकायचा. दोनदा हुकला, तिसऱ्यांदा लागला. ‘ओटीपी कोणालाही सांगू नका,’ असं बँक रोज बजावते. न सांगता ही पोरगी पदवीधर कशी होणार, ते बँकेने सांगितलेलं नाही.

तसा कर्जतला दुसरा स्तर काही नवा नाही. बोरघाटाचा चढ ३७ला १. पुण्याकडे निघालेल्या बहुतेक गाड्या आमच्या स्टेशनात थांबतात, मागून बँकर इंजिनं लागतात, तेवढ्यात लोक दिवाडकरांचा वडा खाऊन घेतात. बँकर येतो, टेकतो, लोणावळ्यापर्यंत ढकलतो. ‘तू पुण्याचीच गाडी कशावरून?’ असं त्याने आजवर एकाही गाडीला विचारलेलं नाही. आणि विचारलंच, तरी उत्तर इंजिन ड्रायव्हरच्या मुलाच्या मोबाईलवर मागवणार नाही.

असो. मी घड्याळ बरोबर लावलं. आकडे पहिल्या झटक्यात लागले. पोर्टल म्हणालं, ‘स्वागत आहे, भाऊसाहेब.’ आणि संध्याकाळी खोपोली लोकलचा मागचा दिवा पळसदरीकडे जाताना मी फलाटावरून पाहिला.

तिथेच बाकड्यावर बसून मोबाईल पुन्हा सात मिनिटं पुढे केला. आता पोर्टल उघडायचं असलं की मी शिपायाला हाक मारतो. तो कर्जतातच राहतो, त्याचं घड्याळ बरोबर असतं. जिना चढून वर येईपर्यंत ३० सेकंद उलटतात, म्हणून आकडे तो खालूनच ओरडतो.