घरच्या घरी रंगीत चीज क्रॅकर : कृती आणि कर्तव्ये

हे मार्गदर्शन लालबागच्या चाळीतल्या दोन खोल्यांत, एका निवृत्त बँक अधिकाऱ्याच्या प्रत्यक्ष निरीक्षणावरून सिद्ध केले आहे. अधिकारी माझा सख्खा थोरला भाऊ असल्याने निरीक्षणाला कुणाची परवानगी लागली नाही.

१. नाव. पदार्थाला 'क्रॅकर'च म्हणावे. 'खारी शंकरपाळी' म्हणू नये. आमची आई म्हणते, पण तिला चौऱ्याऐंशी वर्षांची सूट आहे.

२. मापे. कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' १९७० साली आली आणि मराठी घर वाटी-चमच्याने मोजू लागलं. दादाला वाटी मंजूर नाही. "कुठली वाटी? आमटीची की श्रीखंडाची?" त्याने सोनारासारखा काटा आणलाय. मैदा १०० ग्रॅम, किसलेलं चीज १०० ग्रॅम, फ्रिजमधलं थंड बटर ५० ग्रॅम. बोटांच्या टोकांनी चोळावे, मळू नये. गोळा होत नसेल तरच चमचाभर थंड दूध. मीठ घालू नये, चीज आणि बटर दोन्ही आधीच खारट असतात. हा नियम पहिल्या घाण्यानंतर लिहिला गेला.

३. रंग. बाटलीतला रंग निषिद्ध. निसर्गाकडे जावे, म्हणजे वहिनीला दादरच्या पुलाखालच्या मंडईत पाठवावे.

पिवळा : हळद. ओव्हनमध्ये पिवळी जाते, पिवळीच बाहेर येते. मात्र खायचा सोडा लागला की लालसर होते. हळदीचं कुंकू याच न्यायाने होतं. दादाने सोडा घातला, आणि तो घाणा 'केशरी' म्हणून शेजारी वाटला.

लाल : बीट. कच्च्या पिठात पैठणीसारखं दिसतं, भाजल्यावर पोस्टाच्या पाकिटासारखं. लिंबाचे चार थेंब आणि मंद आच यांनी रंग थोडा टिकतो. वहिनी पहिल्या दिवसापासून सांगत होती, "अहो, गल्लीतून काश्मिरी मिरचीची पूड आणा, रंग बटरमध्ये छान उतरतो." मसाल्याची दुकानं खाली उतरलं की समोर. दादाने तीन किलो बीट संपवलं, मग मिरची आणली. त्या घाण्याला तो 'माझा प्रयोग' म्हणतो.

हिरवा : पालक. उकळत्या पाण्यात मिनिटभर, लगेच गार पाण्यात, मग घट्ट पिळून वाटावा. पिळण्यात हयगय केली तर थालीपीठ होतं. यात लिंबू घालू नये, रंग शेवाळी होतो. लागतो दोन चमचे, दादाने आणल्या पाच जुड्या. पुढचा आठवडा घरात पातळ भाजी होती.

निळा : गोकर्णाची फुलं. करू नये. आईने विचारलं, "बुरशी आली का रे?"

४. लाटणे. अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून तीन मिलिमीटर जाड लाटावे. दादा पट्टी लावतो. करंजीच्या कातण्याने चौकोन पाडावेत आणि काट्याने टोचावे, नाहीतर पुरीसारखे फुगतात.

५. भांडी. ती वहिनीनेच घासावीत असा शास्त्राचा आग्रह नाही, दादाचा आहे. खरं सांगायचं तर एवढ्यासाठीच मी हे लिहायला बसले. चार रंग म्हणजे चार पातेली, चार ताटल्या, मिक्सरचं भांडं चारदा. पस्तीस वर्षं हा माणूस तिच्या हातचा डबा घेऊन ऑफिसला गेला. एकदा तरी विसळून आणला असेल तर शपथ!

६. भाजणे. १६० अंश, साधारण पंधरा मिनिटं, कडा जेमतेम सोनेरी होईपर्यंत. दादा तेवढा वेळ ओव्हनसमोर पाट टाकून बसतो. आम्ही लहान असताना दिवाळीआधी आई रवा, मैदा, पिठीसाखर आणि तूप बांधून द्यायची आणि आम्ही दोघं नाक्यावरच्या बेकरीत नानकटाई भाजून आणायला जायचो. आपला पत्रा दुसऱ्याच्या पत्र्यात जाऊ नये म्हणून दादा भट्टीच्या तोंडाशी उभा राहायचा, घामाघूम. १९८२च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला. बाबा गिरणीत होते. त्या दिवाळीत भट्टीवर काही गेलं नाही. दादा दहावीला होता, काही बोलला नाही. म्हणून ही पंधरा मिनिटं मी त्याला काही बोलत नाही.

७. साठवण. पूर्ण गार झाल्याशिवाय डबा भरू नये. आतल्या वाफेने सादळतात. बाहेर ठेवले तर मुंबईची हवा तेच काम करते. सादळलेच तर १२० अंशांवर सात मिनिटं पुन्हा भाजावेत.

निकाल : हिरवे उत्तम, मिरचीचे त्याहून उत्तम, बिटाचे चहाबरोबर चालतात. भांडी अजून मोरीत आहेत.