ऑकलंडचा ओटा आणि आपला मोरचूद

"भाऊ, आयकलं काय? पोट्टीच्या घरी लाकडाचा ओटा झाला!"

भिंतीपलीकडून वयनींचा आवाज आला, की आमच्या घरात चहाचं पाणी वाढवतात. चांदूर बाजारात मृगाआधीचे हे दिवस म्हणजे वयनींचे परसातल्या संत्राझाडांना बोर्डो लावायचे दिवस. हातात कुंचा, प्लास्टिकच्या बादलीत निळा लगदा आणि तोंडात अख्ख्या पेठेच्या बातम्या. कोणाचा आंबिया बहार गळला, कोणाच्या घरी बहिरमच्या यात्रेपासून दोन चुली झाल्या, कोणाचं पोट्टं पुण्याची नोकरी सोडून आलं आणि बापाला ‘घरूनच काम करतो’ म्हणून सांगतं. गावच्या बातम्या संपल्या की मग विदेशच्या. लेक-जावई न्यूझीलंडला, ऑकलंडमध्ये.

"ओटा व कशाले लाकडाचा? फरशी नाई भेटत काय तिकडे?" आमच्या हिनं खिडकीतून विचारलं.

"डेक म्हंते त्याले. मांगच्या दारातून निंघालं का अंगनात निऱ्या लाकडाच्या पाट्या. त्याच्यावर खुर्च्या टाकाच्या, चहा प्याचा, नातू खेळवाचा. मी म्हनलं, बाई, दोन्हीकून समुद्र, बारा महिने पान्याची झड, आन् तू लाकूड उघड्यावर टाकतं? दोन साल नाई टिकत."

माझी सारी नोकरी परतवाड्याच्या लाकूड आगारात गेली. मेळघाटच्या सागाचे लॉट लावणं, मोजमाप, लिलाव. लाकडाचा विषय निघाला की मला कोणी गप्प बसवू शकत नाही. "सागवन असन तं टिकन," मी म्हणालो.

"कुठचं सागवन! पाइन हाय पाइन. ज्याच्या आपल्याकडे पॅकिंगच्या पेट्या ठोकते थे."

"मंग औषध पाजेल असन."

वयनींचा कुंचा थांबला. "लाकडाले औषध?"

मग मी भिंतीवर कोपर टेकलं. न्यूझीलंडात लाकूड म्हणजे बहुतेक रेडिएटा पाइन. मूळचं कॅलिफोर्नियाचं झाड, तिकडे लागवड करून वाढवलेलं. भराभर वाढतं, पण उघड्यावर ओल खाल्ली की लवकर कुजतं. त्याचा एकच गुण मोठा, औषध भरपूर पितं. लोखंडाच्या लांबलचक बंद टाकीत पाट्या भरतात. आधी आतली हवा ओढून घेतात, म्हणजे लाकडाच्या पेशी रिकाम्या होतात. मग औषधाचं पाणी सोडून हवेच्या दहापटीहून जास्त दाब देतात. वरून कुंच्यानं लावलेलं औषध कातडीवर राहतं. हे आत खोल शिरतं.

"म्हंजे लाकडाले सलाईन लावते म्हना!"

"तसंच. पन सागाच्या गाभ्याले असं औषध पाजाले गेलं तं थो पीतच नाई. त्याची गरजबी नाई म्हना. सागाची बाहेरची पांढरी मात्र उधई एका सालात खाऊन टाकते. लिलावात पांढरीवाला नग पाह्यला का व्यापारी भाव पाडे."

"आन् हे औषध कोन्या गोऱ्यानं काढलं?"

मला हाच प्रश्न हवा होता. दाबानं औषध भरायची पद्धत इंग्लंडची. जॉन बेथेल नावाच्या माणसानं 1838 मध्ये तिचं पेटंट घेतलं, तेव्हा ते डांबरापासून काढलेलं काळं तेल भरत. आपल्या रेल्वेच्या लाकडी स्लीपरांना यायचा तो वास त्याचाच. पण तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचं पाण्यात विरघळणारं औषध, जे पुढे जगभरच्या खांबांत आणि डेकांत गेलं, ते देहरादूनच्या फॉरेस्ट रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये सोंटी कामेशम यांनी 1933 मध्ये तयार केलं. त्याचं जुनं नाव ‘अॅस्क्यू’.

"पाहा बापा! पोट्टी मले सांगे, मम्मी, तुले नाई समजनार, तिकडचं टेक्निक येगळं हाय. आन् औषध आपल्या देहरादूनचं!"

"देहरादून लांब राह्यलं वयनी. त्या औषधात कामेशमनं तांबं कशाचं घातलं होतं, माहीत हाय? मोरचुदाचं."

वयनींनी बादलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी ही बोर्डो पेस्ट त्या डोळे मिटून करतात. बुंध्याला जमिनीपासून हात-दोन हात उंच फासली, की पावसाळ्यात डिंक्या रोग चढत नाही. हा बोर्डोही फ्रान्सच्या द्राक्षमळ्यातून 1885 च्या सुमारास आला आणि आमच्या संत्र्यावर स्थिरावला. बुरशीला तांबं सोसत नाही. झाड जितं असो की पाटी होऊन पडलेलं, बुरशीचा स्वभाव तोच.

"मंग खिये कोनते ठोकले जावयानं?" वयनींनी एकदम विचारलं.

मी चाटच पडलो. त्या प्रश्नापर्यंत यायला मला आणखी अर्धा तास लागला असता. पण वयनी बोर्डो करणाऱ्या. लोखंडी घमेल्यात बोर्डो कालवत नाहीत हे त्यांना सासूनं शिकवलं. चुना पुरेसा पडला की नाही हे पाहायला त्या विळा बुडवतात. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी. द्रावणातलं तांबं लोखंडावर बसतं आणि लोखंड झिजतं. औषधी लाकडातल्या तांब्याला ओल मिळाली, की तेही खिळ्याला असंच खातं.

"मांगच्या साली त्यानं मांगच्या पायऱ्या बसवल्या होत्या," वयनी आवाज बारीक करून म्हणाल्या, "घरात पडेल साध्या खियांनी. एका हिवायात खियाभवती काये डाग आन् पायरी डुगडुग. आता समदे स्टेनलेसचे आनले म्हंते. पोट्टी कुरकुरत होती, खियालेच एवढा पैसा म्हनून."

"बरोबर केलं त्यानं. समुद्रापासून 500 मीटरच्या आत तं स्टेनलेसच पाह्यजे, असा तिकडचा कायदाच हाय. खाऱ्या हवेत गॅल्व्हनाइजबी फार दिवस नाई तगत."

आमची ही आता बाहेर येऊन उभी राहिली होती. तिला तिसराच शब्द टोचला होता. "आर्सेनिक म्हंजे सोमल ना हो? पोरगं रांगते त्याच्यावर!"

भीती खोटी नाही. त्या औषधात तिघांची तीन कामं: तांबं बुरशीला, सोमल किड्यांना आणि क्रोमियम या दोघांना लाकडात धरून ठेवायला. धरलेलं असलं तरी थोडंथोडं पाझरतंच. अमेरिकेत 2003 संपता संपता घरगुती कामासाठी हे औषध वापरणं कंपन्यांनी बंद केलं. न्यूझीलंडात अजून चालतं. बिनसोमलाची औषधंही निघाली आहेत, पण त्यांत तांबं जास्त, म्हणजे खिळ्यांची काळजी आणखी वाढली. पोराचे हात खेळून झाल्यावर धुवायचे, कापताना भुसा नाकात जाऊ द्यायचा नाही, आणि उरलेले तुकडे कधीही जाळायचे नाहीत. धुरात आणि राखेत सोमल उतरतो.

"माय वं! जावई तं थे तुकडे भट्टीसाठी जमा करून राह्यला. मांस भाजते ना ते लोक अंगनात!" वयनींनी कुंचा बादलीत टाकला, पदराला हात पुसले आणि फोन लावला. इथले सकाळचे आठ म्हणजे तिकडचे दुपारचे अडीच. लेकीनं उचलला. इकडचं बोलणं आम्हाला ऐकू येत होतं. "तुकडे जाळू नोको व... सोमल हाय त्याच्यात... कोन सांगतलं म्हंजे? भाऊनं सांगतलं... आन् कापेल तोंडाले औषध लावलं काय?"

हे मी सांगितलंच नव्हतं. पण संत्र्याची वाळकी फांदी छाटली, की त्या जखमेला लगेच बोर्डो पेस्ट लावतात, नाहीतर रोग आत उतरतो. पाटी कापली की आतला कमी औषधाचा भाग उघडा पडतो, तिथं वरून औषध लावावंच लागतं. तिकडून काहीतरी चाचरत उत्तर आलं असावं. वयनींचा चेहरा सांगत होता की लावलं नव्हतं.

फोन ठेवून त्या विजयी मुद्रेनं परत आल्या. आता मला थांबवणारं कोणी नव्हतं. लाकडाच्या तोंडावरचा शिक्का वाचायला सांगा म्हणालो. आमच्या आगारात लाकडावर हातोड्यानं सरकारी खूण ठोकत, तशी तिकडे औषधाची प्रत लिहिलेली असते. वरच्या पाट्यांना एच 3.2 चालतं, मातीत रोवायच्या खांबाला किमान एच 4 पाहिजे, आणि ज्यावर घराचा भार येतो त्याला एच 5. एकाच दुकानात तिन्ही असतात आणि दिसायला तिन्ही हिरवट.

"म्हंजे औषध असलं का झालं."

"नाई वयनी. अर्धंच झालं."

मग त्यांना तिकडच्या गळक्या घरांची गोष्ट सांगितली. 1990 च्या दशकात न्यूझीलंडात असं ठरलं, की भट्टीत नीट वाळवलेलं बिनऔषधी पाइनही घराच्या सांगाड्यात चालेल. त्याच काळात बिनवळचणीची, वरून गिलावा केलेली घरं बांधायची टूम निघाली. भिंतीत पाणी शिरलं की बाहेर यायला वाटच नाही. हजारो घरांचे सांगाडे आतल्या आत सडले, लोक कर्जात बुडाले, आणि 2004 पासून सांगाड्याला पुन्हा औषधी लाकूड सक्तीचं झालं. लाकडात ओल 20 टक्क्यांच्या खाली राहिली तर बुरशी उठत नाही. पाणी लागणं वाईट नाही, कोंडणं वाईट.

"म्हंजे डबल रिंग," वयनी म्हणाल्या.

संत्र्याला पाणी देताना बुंध्याभोवती एक आळं आणि त्याबाहेर दुसरं. पाणी दोन्हींच्या मधे फिरतं, बुंधा कोरडा. ओटाही तसाच. खांब शक्यतो लोखंडी बैठकीवर जमिनीपासून वर उचलायचा. दोन पाट्यांत चार-पाच मिलिमीटर फट, घराची भिंत आणि डेक यांत 12 मिलिमीटर मोकळी. खालून वारा खेळला पाहिजे. फटीत पानं साचली तर काढायची.

"आन् नगरपालिकेची परवानगी?" हिनं विचारलं. आमच्या गच्चीवरच्या पत्र्याचं प्रकरण तिच्या मनातून अजून गेलेलं नाही.

"दीड मीटरपेक्षा जास्त उंचावरून पडाची भीती नसन तं लागत नाई. पन मीटरभर उंच झाला का कठडा पाह्यजेच."

हिनं असा सुस्कारा सोडला, की ऑकलंडचं तिकीटच काढायचं बाकी राहिलं.

"आपल्या इथी असा ओटा काढाव काय हो भाऊ?" वयनींनी विचारलं.

"काऊन नाई? पन इथी बुरशी नाई, उधई खाईन. आन् मे महिन्यात पंचेचाळीस डिग्रीत पाट्या तडकतीन, पाय पोयतीन थे येगळंच. आपल्याले आपली शहाबादी बरी."

"तेई खरं. पन एक सांगू? जावई दिवाळीले येनार हाय. इंजिनेर हाय म्हनून लय मिरवते. त्याच्या हाती कुंचा देतो आन् मांगच्या सात झाडाले बोर्डो लावाले सांगतो. घमेलं लोखंडाचंच ठेवतो पुढे. पाहू, नाई म्हंते का कालवाले बसते."