उतारू

श्रीपुरात जहाज येत नाही. नीरा आणि भीमा फार लांब नाहीत, पण त्यांचं पाणी तरंगण्याच्या कामी येत नाही. ते पाटानं उसात जातं आणि उसातून कारखान्यात. तरी इथल्या इंग्रजी माध्यमातल्या पोराला विचारा, ‘डिसएम्बार्क म्हणजे काय रे?’ तो एका दमात सांगेल, जहाजातून उतरणे. त्यातला ‘बार्क’ म्हणजे भुंकणं नव्हे, जुन्या युरोपातली शिडाची होडी, हे मात्र त्याला कुणी सांगितलेलं नसतं. होडी गेली, शीड गेलं, क्रियापद विमानात जाऊन बसलं.

आपल्याकडे उतरायला जहाज लागतच नाही. आपण खिडकीतून रुमाल टाकून एसटीत जागा धरतो, अजून पायरीवर पाऊलही पडलेलं नसतं, तरी मराठीच्या लेखी आपण ‘उतारू’. चढण्याआधीच माणसाचा शेवट ठरवून टाकणारी ही भाषा मला भारी व्यवहारी वाटते.

त्यातही श्रीपूर हे उताऱ्याचं गाव. १९३४ सालच्या बृहन् महाराष्ट्र शुगर सिंडिकेटनं साखर कारखाना काढला तो इथेच. शेतकरी तलाठ्याकडे जातो तो सातबाऱ्याच्या उताऱ्यासाठी, आणि कारखान्यात डोळा असतो तो साखरेच्या उताऱ्यावर. शंभर किलो उसातून दहा-अकरा किलो साखर निघाली की सगळे खूश. अर्धा टक्का घसरला की साहेबांचे चेहरे उतरतात. मागे उरलेल्या मळीपासून जे तयार होतं, ते आधी चढतं आणि मग सावकाश उतरतं.

खरं उतरणं बघायचं तर हंगामाच्या तोंडावर ऊसतोडीची टोळी येते तेव्हा बघावं. ट्रकचा फाळका पडतो. आधी पत्र्याची पेटी खाली येते, मग कोयत्यांचं गाठोडं, पाय बांधलेल्या दोन कोंबड्या, चुलीसाठी जपून आणलेला लोखंडी तवा. त्यानंतर वरून एक तान्हं पोर हातोहात खाली दिलं जातं आणि त्याची आई चाकावर पाय देऊन शेवटी उतरते. सहा महिन्यांचा संसार पंधरा मिनिटांत जमिनीवर. याला ‘डिसएम्बार्क’ म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

कोकणातल्या माणसाला म्हणायचा हक्क होता. मुंबईहून निघालेली आगबोट हर्णैसारख्या बंदरात किनाऱ्याला लागायचीच नाही. ती लांब खोल पाण्यात उभी, उतारू हेलकावणाऱ्या पडावात, आणि तिथून किनारा. ‘बोट लागली’ याचे तिकडे दोन अर्थ, बंदरात लागणं आणि पोटात लागणं. बरेचदा दोन्ही एकाच वेळी. मुंबईतही पूर्वी चिखल तुडवत वर यावं लागे, म्हणून एकोणिसाव्या शतकात लक्ष्मण हरिश्चंद्रजी अजिंक्य ऊर्फ भाऊ यांनी धक्का बांधला. बोटीतून कोरड्या पायांनी उतरता यावं म्हणून एका माणसानं केलेली ही सोय, आजही त्याच्याच नावानं भाऊचा धक्का.

आणि धक्क्याची वाट न बघता जहाज सोडलं ते सावरकरांनी. ८ जुलै १९१०, मार्सेय, ‘मोरिया’ बोटीच्या गोल खिडकीतून थेट समुद्रात. त्याला मराठीनं ‘उतरणं’ म्हटलं नाही, ‘उडी’च म्हटलं. पुढच्या वर्षी हेगच्या लवादाला त्यावर बसावं लागलं.

आता प्रश्न एवढाच, की एसटीतून डिसएम्बार्क होता येईल का? कोश म्हणतो, येईल. जहाज, विमान, आगगाडी, बस, कशातूनही. शिवाय इंग्रजीत प्रवासी स्वतः उतरला तरी तेच क्रियापद आणि कप्तानानं त्याला उतरवला तरी तेच. मराठी हा हिशेब वेगळा ठेवते. आषाढीच्या दिवसांत पंढरपूरच्या स्टँडवर गाडी थांबते तेव्हा हा फरक नीट कळतो. खालचे आत घुसत असतात, कंडक्टर ‘आधी उतरू द्या हो!’ म्हणून घसा फोडत असतो, आणि दारातल्या आजोबांना पाय उचलायचंही काम उरत नाही. ते उतरत नाहीत. मागचे त्यांना उतरवतात. पिशवी मात्र पुढच्या स्टॉपला जाते.